'पाहिजे', 'लागतं' आणि 'नको'चं इंग्रजी

सबमिशन, व्हायवा, कॅम्पस इंटरव्ह्यू... इंग्रजीपासून कुणाची सुटका आहे? पण मोठमोठे शब्द पाठ करण्याआधी दोन-चार छोटे शब्द नीट समजून घेऊ. खरा घोळ तेच घालतात!

सक्ती दाखवायला इंग्रजीत 'मस्ट' आणि 'हॅव टू' आहेत. गंमत म्हणजे साधारण हाच फरक मराठीतही आहे. 'मला अभ्यास केलाच पाहिजे' हे आपलं मन सांगतं. तिथे 'आय मस्ट स्टडी'. 'मला आठच्या लेक्चरला जावं लागतं' हे टाइमटेबल सांगतं. तिथे 'आय हॅव टू गो'. आपल्या वणीकडे 'मले जा लागते' म्हणतात ना, तेच हे 'हॅव टू'! मात्र सक्तीच्या 'मस्ट'ला भूतकाळ नाही. 'काल जावं लागलं' म्हणायला 'हॅड टू'च वापरायचं.

खरी परीक्षा नकाराची. 'डोन्ट हॅव टू' किंवा 'नीड नॉट' म्हणजे गरज नाही, पण केलं तरी चालेल. 'मस्ट नॉट' म्हणजे करायचंच नाही! मराठीत नुसतं 'यायला नको' म्हटलं तर 'यायची गरज नाही' आणि 'येऊ नये' असे दोन्ही अर्थ निघू शकतात. इंग्रजीत तसं चालत नाही.

वणीभोवती वेकोलिच्या कोळसा खाणी आहेत. उद्या आपल्यातलेही काहीजण खाणीत नोकरीला लागतील. ब्लास्टिंगच्या वेळी कुणाला 'यू डोन्ट हॅव टू एंटर' म्हटलं, तर तो खुशाल आत शिरेल! तिथे 'यू मस्ट नॉट एंटर'च हवं. २०१७ च्या कोल माइन्स रेग्युलेशन्समध्ये सारखं 'शॅल' दिसतं. तो भविष्यकाळ नव्हे, हुकूम आहे.

आता भूतकाळ. 'आय नीडन्ट हॅव गॉन' म्हणजे गेलो, पण गरज नव्हती. फुकट चक्कर! 'आय डिडन्ट नीड टू गो' म्हणजे फक्त गरज नव्हती. गेलो की नाही, ते वाक्य सांगत नाही.

आणि हो, 'नीड नॉट'नंतर 'टू' येत नाही. 'यू नीड नॉट कम', पण 'यू डोन्ट नीड टू कम'.

असो. नकार तोंडातून काढण्याआधी मनात एकच प्रश्न विचारा, 'केलं तर चालेल का?' चालत असेल तर 'डोन्ट हॅव टू', चालत नसेल तर 'मस्ट नॉट'. बस्स, एवढंच!