घोडामैदान जवळ आहे!



"घोडामैदान जवळच आहे" हे वाक्य परीक्षा तोंडावर आली की आपल्या घरात हमखास ऐकू येते. या हिवाळ्यात मात्र ते शब्दशः अनुभवायची संधी आपल्याला मिळणार आहे. आपल्या शाळेच्या एक माजी विद्यार्थिनी दिवसभर बँकेत नोकरी करतात आणि रोज पहाटे पाचला तबेल्यात हजर असतात. आपली पाच वर्षांची घोडी त्या डिसेंबरमध्ये पहिल्यांदाच स्पर्धेत उतरवत आहेत. सातवी ते नववीच्या मुलांनी पाहायला यावे, असे त्यांनी कळवले आहे. अट एकच: तिथे काय चालते आणि का चालते, हे आधी समजून घेऊन यायचे. म्हणून हा लेख.

आपल्या इंदूरला घोडे नवे नाहीत. पागनीस पागेवरून आपण रोज जातो, पण पागा म्हणजे घोड्यांचा मोठा तबेला, हे किती जणांच्या लक्षात येते? मराठ्यांच्या फौजेत सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर आणि स्वतःचा घोडा, स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीला येणारा तो शिलेदार. त्या हिशेबाने आमच्या या ताई शिलेदार ठरतात! घोडी त्यांची स्वतःची आहे, दाणावैरणीचा आणि नालबंदाचा खर्च त्यांच्या पगारातून होतो, आणि हा त्यांचा व्यवसाय नसून हौस आहे.

त्या ज्या प्रकारात उतरणार आहेत त्याला ड्रेसाज म्हणतात. चीनमधल्या हांगचौ येथे २०२३ साली झालेल्या आशियाई खेळांत भारताने याच प्रकारात सांघिक सुवर्णपदक मिळवले, आणि त्या चौघांच्या संघात आपल्या इंदूरची सुदीप्ती हजेला होती. घोडेस्वारीत भारताला सुवर्ण मिळाले ते १९८२ च्या दिल्लीच्या आशियाई खेळांनंतर थेट तेव्हाच, म्हणजे ४१ वर्षांनी. आपण पाहणार आहोत ती मात्र या शिडीची अगदी खालची पायरी.

या पायरीवर मैदान ४० मीटर लांब आणि २० मीटर रुंद असते. भोवती गुडघ्याएवढ्या उंचीच्या पांढऱ्या पट्ट्या आणि कडेने इंग्रजी अक्षरांच्या पाट्या: ए, के, ई, एच, सी, एम, बी, एफ. 'सी'पाशी परीक्षक बसतात, समोरच्या 'ए'पासून स्वार आत येतो आणि मधोमध 'एक्स'वर थांबून मान झुकवून सलाम करतो. गंमत म्हणजे 'एक्स' कुठेही लिहिलेला नसतो, तो स्वारानेच ओळखायचा. मग नेमून दिलेल्या क्रमाने हालचाली करायच्या: अमुक अक्षरापासून कदमचाल, तमुक अक्षरापासून दुडकी, २० मीटर व्यासाचे वर्तुळ, लगाम सैल सोडून मोकळी चाल, शेवटी पुन्हा थांबणे आणि सलाम. प्रत्येक हालचालीला शून्य ते दहा गुण आणि शेवटी टक्केवारी. आपल्या प्रगतिपुस्तकाची सवय असलेल्यांना एक सांगून ठेवतो, इथे साठ टक्के म्हणजे चांगले गुण. नव्वद कुणालाच मिळत नाहीत म्हटले तरी चालेल. सगळे मिळून चार-पाच मिनिटांत आटोपते.

एवढ्या चार मिनिटांसाठी घोडीची दोन वर्षे तयारी चालली आहे. घोडा तिसऱ्या-चौथ्या वर्षी दिसायला मोठा दिसतो, पण आतून तो अजून शिंगरूच असतो. पायाची हाडे लवकर पक्की होतात, पाठीच्या मणक्यांची वाढ मात्र सर्वांत शेवटी, पाचव्या-सहाव्या वर्षी पुरी होते, आणि खोगीर तर पाठीवरच पडते. समोरचे दुधाचे दात पडून पक्के दात पुरे यायलाही पाच वर्षे लागतात. म्हणून जुनी माणसे तोंड उघडून घोड्याचे वय सांगत. घाईने कामाला लावलेले तरुण घोडे पुढे पाठीने आणि पायाने अधू होतात, हे तबेल्यातले कुणीही मोतद्दार सांगेल.

आता मुख्य मुद्दा. हा प्राणी स्वभावतः भित्रा आहे. साडेचारशे-पाचशे किलो वजनाचे जनावर कागदाच्या पिशवीला घाबरते, याचे आपल्याला हसू येते. पण घोडा हा शिकार होणारा प्राणी. पळून जाणे हेच त्याचे शस्त्र. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ चहूकडचे दिसते. फक्त कपाळासमोरची थोडी जागा आणि बरोबर शेपटीमागची जागा दिसत नाही. मागून कुणी अचानक आले की तो लाथ मारतो, ती रागाने नव्हे, भीतीने. शिवाय घोडा कळपात राहणारा. एकट्याला अनोळखी जागी नेले की तो खिंकाळून सोबत्यांना हाका मारत राहतो आणि पाठीवरच्या माणसाकडे त्याचे लक्षच उरत नाही. स्पर्धेच्या ठिकाणी पांढऱ्या पट्ट्या, फडफडणारे मंडप, ध्वनिक्षेपक, पन्नास अनोळखी घोडे, हे सारे एकाच दिवशी समोर येते.

आणि घोड्याची स्मरणशक्ती दांडगी असते. पहिल्याच दिवशी मैदान म्हणजे संकट अशी गाठ मनात बसली, तर ती सोडवायला कित्येक महिने जातात. कधी कधी ती सुटतच नाही आणि चांगला घोडा कायमचा 'अडेल' ठरतो. उधळलेल्या घोड्यावरून माणूस पडला तर काय होते, ते वेगळे सांगायला नको. घोड्याजवळ जाताना शिरस्त्राण का घालायचे, हे यावरून समजावे.

ताईंनी तयारी कशी केली, ते थोडे विस्ताराने सांगतो. गेले दोन महिने तबेल्याच्या आवारात चुन्याने मैदान आखून घेतले आहे. भोवती जुन्या साड्या बांधल्या आहेत, त्या वाऱ्यावर फडफडतात. सराव चालू असताना कुणीतरी टेपवर टाळ्यांचा आवाज लावतो, आधी अगदी हळू, मग मोठ्याने. घोडी बिचकली तर तिला मारत नाहीत. लांबून दाखवतात, हुंगू देतात, शांत झाली की मानेवरून हात फिरवतात आणि काम पुढे चालू. वाहनात चढायचीही शिकवणी झाली. आठवडाभर तिचा दाण्याचा तोबरा उभ्या वाहनातच दिला. (तोंडात तोबरा भरणे हा वाक्प्रचार इथलाच बरे का!) मग दार लावून पाच मिनिटे, मग आवारात एक फेरी, मग रस्त्यावर. प्रवासात डोके उंच बांधून ठेवायचे नाही, कारण मान खाली करता आली नाही तर घोड्याला नाकातोंडातली घाण बाहेर टाकता येत नाही आणि लांबच्या प्रवासात फुप्फुसाचा आजार होतो.

पाण्याची एक मौज आहे. पुष्कळ घोडे परक्या गावचे पाणी वासामुळे पीत नाहीत. एरवी दिवसाला पंचवीस-तीस लिटर पाणी लागणारे जनावर तहानलेले राहिले की पोटात खाणे अडते. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटशूळ हा त्याच्या जिवावरचा आजार. म्हणून ताई घरचे पाणी डब्यांत भरून नेणार आहेत. शिवाय आठवडाभर आधीपासून पाण्यात किंचित गूळ घालत आहेत. तिथे जाऊन तोच गूळ घातला की पाणी ओळखीचे वाटते.

कागदपत्रांकडेही लक्ष द्यावे लागते. इन्फ्लुएंझाची लस हवी आणि ग्लँडर्स या रोगासाठी रक्ततपासणीचा दाखला हवा. ग्लँडर्स माणसालाही होऊ शकतो. २००६ साली महाराष्ट्रात त्याची साथ आली होती, आणि बाधित घोड्याला कायद्याने मारून टाकावे लागते. पन्नास घोडे एका जागी जमतात तिथे एकाचा निष्काळजीपणा सगळ्यांना भोवतो.

मग स्वाराचे काय? २००९ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी एक छान प्रयोग प्रसिद्ध केला. स्वारांना आणि घोडा हाती धरून चालवणाऱ्यांना एकाच वाटेने चार फेऱ्या घालायला सांगितल्या. चौथ्या फेरीच्या आधी त्यांना बजावले की आता घोड्याजवळ छत्री उघडली जाईल. छत्री कुणी उघडलीच नाही, तरी माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले आणि घोड्यांचेही वाढले. घोड्यांना छत्रीचे काहीच ठाऊक नव्हते, त्यांना माणसाची भीती कळली. त्यामुळे ताई तिथे पोहोचल्यावर काय करणार आहेत? आदल्या संध्याकाळीच जाऊन घोडीला हाती धरून तासभर फिरवणार, खरारा करणार, आणि रात्री तिच्या शेजारी तबेल्यातली जुनी, अनुभवी घोडी बांधणार. सकाळी स्वतः न्याहारी करायला विसरायचे नाही, असे त्यांनी आपल्या यादीत लिहून ठेवले आहे. आम्हाला ही नोंद फार आवडली.

याच यादीच्या शेवटी तीन ओळी आहेत. रात्रभरात घोडीने वैरण खाल्ली नाही तर उतरायचे नाही. सकाळी पाऊल जरा जरी लंगडे पडले तर उतरायचे नाही. सरावाच्या मैदानात वीस मिनिटे होऊनही तिचे लक्ष स्वाराकडे आले नाही तर उतरायचे नाही. प्रवेश शुल्क परत मिळत नाही, वाहनाचे भाडे द्यावेच लागते, रजाही गेलेली असते आणि पाहायला शाळेची पन्नास मुले आलेली असतात. अशा वेळी "आज नाही" म्हणणे आमच्या मते मैदानात उतरण्यापेक्षा कठीण आहे. तुम्ही येऊन काहीच न पाहता परत याल, असेही होऊ शकते. तसे झाले तर कुणी तोंड वेडेवाकडे करायचे नाही, "ताई घाबरल्या" असे तर मुळीच म्हणायचे नाही.

आता येणाऱ्यांसाठी. ज्या घोड्याच्या शेपटीला लाल फीत बांधली असेल तो लाथ मारणारा आहे, त्याच्या मागून जाऊ नये. हिरवी फीत म्हणजे नवशिका घोडा, आपल्या घोडीला ती असेल. हाक मारून, खांद्याच्या बाजूने जवळ जावे. कान मागे चिकटवलेला घोडा रागावलेला असतो, त्याला तसेच सोडावे. छत्री, फुगे, चमकणारा कागद आणू नये. सवारी चालू असताना टाळ्या वाजवू नयेत. शेवटचा सलाम झाल्यावरही, घोडी मैदानाबाहेर पडेपर्यंत हात खाली. खिशात गूळ आणू नका, ताईंना विचारल्याशिवाय कुणाच्याही घोड्याला काही खायला घालू नका.

सवारीनंतर लगेच निघायची घाई नाही. घोडीला चालवून थंड करणे, पायांवर पाणी सोडणे, खुरांतले खडे काढणे ही कामे अर्धा तास चालतात, आणि आमच्या मते पाहण्यासारखा भाग खरा तोच. बादल्या उचलायला चार मुले लागतील. बस सकाळी सहाला शाळेच्या फाटकातून सुटेल. नावे वर्गशिक्षकांकडे द्यावीत. पालकांची सही आणि बंद बूट आवश्यक, चपला घातलेल्यांना बसमध्ये घेतले जाणार नाही.