भिंत न फोडता नवा कॅमेरा

(सामुदायिक रेडिओवरील गप्पा)

मैत्रिणींनो, वसईहून आम्ही बोलतोय, आमच्या बचत गटातर्फे. एरवी या वेळेला आपण हप्ते, कर्ज, मिरचीचा भाव असं बोलतो. आज बोलायचंय भिंतीत गाडलेल्या एका वायरीबद्दल. हसू नका. त्या वायरीपायी आमचा गट मोडायची वेळ आली होती.

आमची मसाल्याची शेड आहे. शेडपासून गेटपर्यंत ३० मीटर अंतर. २०१७ साली आम्ही गेटवर कॅमेरा बसवला. वायर कंपाउंडच्या भिंतीत पाइपातून नेली आणि वरून प्लास्टर केलं. गेल्या वर्षी तो कॅमेरा बंद पडला. कॅमेरेवाला म्हणाला, "ताई, आता सगळे आयपी कॅमेरे. ही जुनी वायर चालत नाही, भिंत फोडावी लागेल." फोडकाम, पाइप, प्लास्टर, रंग असा सगळा खर्च कॅमेऱ्याच्या किमतीच्याही वर जायला लागला. आम्ही नको म्हटलं. मग दुसऱ्या एकाने जुन्याच वायरीला नवा वायफाय कॅमेरा जोडला, मोबाइलवर चित्र दाखवलं, पैसे घेतले आणि गेला. चित्र छान होतं. तेव्हा दुपारचे दोन वाजले होते.

पंधरा दिवसांनी स्टॉक मोजला तर तेलाचे दोन डबे कमी. रेकॉर्डिंग बघायला बसलो, तर रोज संध्याकाळी सातनंतर चित्रच नाही. शेडची किल्ली आमच्यातल्या एकीकडे असते. तोंडाने कुणी काही बोललं नाही, पण नजरा बोलल्याच. ती पुढच्या दोन बैठकांना आली नाही. नंतर वही चाळताना नोंद सापडली. डबे दुसऱ्या गटाला उसने दिले होते आणि नोंद भलत्याच पानावर झाली होती. आम्ही तिच्या घरी जाऊन माफी मागितली. तरी एक प्रश्न राहिलाच. कॅमेरा रात्रीच का बंद पडतो? तो सोडवताना जे शिकलो, ते आज सांगतो.

आधी भिंतीत काय आहे ते बघा

कॅमेऱ्याला दोन गोष्टी लागतात: वीज आणि चित्र नेण्याची वाट. जुन्या कॅमेऱ्यांना बहुतेक ठिकाणी 'थ्री प्लस वन' नावाची केबल असते. तिच्यात एक जाड वायर चित्राची आणि तीन बारीक वायरी असतात. त्यांतल्या दोन १२ व्होल्टची वीज नेतात. आमच्याकडे हीच निघाली. काही ठिकाणी इंटरनेटची आठ तारांची केबल आधीच टाकलेली असते. काही ठिकाणी मात्र पाइपातून थेट घरातली २३० व्होल्टची वीज नेलेली असते आणि ॲडॅप्टर कॅमेऱ्यामागच्या डबीत असतो. म्हणून वायर बारीक दिसली तरी हात लावायचा नाही. मेन स्विच बंद करून परवानाधारक वायरमनकडूनच उघडून घ्यायची.

आठ तारांची केबल असेल तर काम सोपं. तिच्यातून वीज आणि चित्र दोन्ही जातात. याला 'पीओई' म्हणतात. २००३ पासून त्याचं ठरलेलं प्रमाण आहे. पेटी साधारण ४८ व्होल्टने वीज पाठवते, एका कॅमेऱ्यासाठी १५.४ वॉटपर्यंत, आणि केबल १०० मीटरपर्यंत चालते. प्रमाणातली पेटी समोरचा कॅमेरा ही वीज घेणारा आहे का, ते आधी तपासते आणि मगच वीज सोडते. स्वस्तातल्या काही पेट्या न तपासता सोडतात. त्यांवर १२ व्होल्टचा कॅमेरा लावला तर जळतो. घेताना हे विचारा.

थ्री प्लस वन असेल तर एक युक्ती आहे. जुन्या केबलच्या टोकाला नवी केबल घट्ट बांधायची आणि जुनी ओढून काढायची, म्हणजे नवी आपोआप आत येते. त्या पाइपात २३० व्होल्टची वायर असेल तर मात्र हे करू नका. दोन्ही एका पाइपात नकोत. आम्ही ओढून बघितलं, केबल तसूभर हलली नाही. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्याखाली गेलं होतं ते आठवत असेल. तेव्हा पाइपात शिरलेला गाळ आत घट्ट बसला होता. तेव्हा चित्र वायफायने आणायचं आणि वीज त्याच जुन्या वायरीने न्यायची, एवढंच हाती उरलं. जिथे वायफाय पोचत नाही, तिथे जुन्या चित्राच्या वायरीवरूनच इंटरनेट नेणाऱ्या दोन डब्यांची जोडीही मिळते. एक डबी या टोकाला, एक त्या टोकाला.

रात्रीच का बंद पडतो?

वाडीला पाणी लावताना आपण बघतोच. मोटर तीच, पण लांब आणि बारीक नळी लावली की शेवटच्या वाफ्याला पाणी जोराने येत नाही. विजेचं तसंच आहे. लांब, बारीक तारेत व्होल्ट वाटेतच खर्च होतात. आणि वीज जितकी जास्त ओढावी तितके जास्त खर्च होतात.

दिवसा आमचा कॅमेरा पाव अँपिअर घेतो. रात्री अंधारात बघण्यासाठी त्याचे लाल दिवे लागतात, तेव्हा अर्धा अँपिअर. वायरमनने मीटर लावला. शेडमध्ये १२ व्होल्ट होते. गेटवर दिवसा पावणेअकरा, रात्री साडेनऊ. तेवढ्यावर तो चालेना. बंद पडायचा, सुरू व्हायचा, पुन्हा बंद पडायचा.

गुणाकार करा

हे आधीच कळू शकतं. हप्त्याचं व्याज काढणाऱ्या बाईला हा हिशेब अवघड नाही. वीज बंद करून केबल दोन्ही टोकांना सोडवायची. दोन वायरी एकमेकींना लागत नाहीत ना, हे आधी मीटरने बघायचं. लागत असतील तर आत कुठेतरी ओल आहे किंवा वायर सोलली आहे. ती केबल वापरायची नाही. मग एका टोकाला दोन्ही वायरी पिळून जोडायच्या आणि दुसऱ्या टोकाला मीटर 'ओहम'वर ठेवून आकडा बघायचा. आमचा आकडा पाचच्या जरा वर आला. त्याला कॅमेऱ्याच्या अँपिअरने गुणायचं. पाच गुणिले अर्धा, म्हणजे अडीच. इतके व्होल्ट वाटेत हरवणार. कॅमेरा जास्तीत जास्त किती अँपिअर घेतो, ते डब्यावर किंवा सोबतच्या कागदावर असतं. फक्त वॉट दिले असतील तर त्याला १२ ने भागा.

काही केबलमध्ये तांबं नावालाच असतं. आत ॲल्युमिनियम आणि वरून तांब्याचा मुलामा. पातीने तार खरवडली की पांढरी दिसते. तिच्यात व्होल्ट आणखी हरवतात.

आम्ही काय केलं

भिंत तशीच ठेवली. शेडमध्ये १२ ऐवजी २४ व्होल्टचा ॲडॅप्टर लावला आणि गेटवरच्या डबीत २४ चे १२ व्होल्ट करणारा छोटा कन्व्हर्टर बसवला. व्होल्ट जास्त असले की तेवढ्याच कामाला वीज कमी ओढावी लागते, म्हणून वाटेत कमी हरवते. आता रात्री दीड व्होल्ट जातात. गेटवर साडेबावीस पोचतात आणि कन्व्हर्टर त्यातून कॅमेऱ्याला बरोबर १२ देतो.

यात तीन गोष्टी सांभाळा. ॲडॅप्टरजवळ एक अँपिअरचा फ्यूज लावा, कारण वायरी चिकटल्या तर बारीक तार तापते. लाल वायर धन, काळी ऋण असं न समजता मीटरने खात्री करा. आणि दोन्ही टोकांना '२४ व्होल्ट' अशी चिठ्ठी चिकटवा. उद्या कुणी कन्व्हर्टर काढून कॅमेरा थेट जोडला तर कॅमेरा जाईल.

आपल्याकडची हवा समुद्राची. अर्नाळा असो की भुईगाव, उघडा सांधा काही महिन्यांत हिरवा पडतो. सांधे बंद डबीत ठेवा. डबीत शिरण्याआधी वायरीला खाली झोळ द्या, म्हणजे पावसाचं पाणी झोळावरून गळून जाईल, आत जाणार नाही. कॅमेऱ्यासोबत आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. आणि कॅमेऱ्याचं तोंड आपल्या गेटकडे असू द्या, शेजाऱ्याच्या दाराकडे नको.

सगळ्यात महत्त्वाचं: कॅमेरेवाल्याला पूर्ण पैसे रात्रीचं चित्र बघितल्याशिवाय देऊ नका. "उद्या सकाळी देतो," म्हणा. त्यात संकोच कसला?

दर मे महिन्यात पावसाआधी केबलचा ओहम पुन्हा मोजायचा, असं आम्ही ठरवलंय. आकडा वाढला, तर कुठेतरी सांधा गंजतोय असं समजायचं. तो आकडा आता स्टॉकच्या वहीत, तेलाच्या पानावरच लिहिलेला असतो. लिहिते तीच, किल्ली जिच्याकडे आहे ती. मीटर धरायला आम्हा सगळ्यांना तिनेच शिकवलं.

आज एवढंच. नमस्कार.