विमानाचे हादरे आणि उड्डाणाची भीती

विमान ज्या हवेतून उडते ती हवा क्वचितच संथ असते. तिच्यात वर चढणारे, खाली उतरणारे, एकमेकांना घासून जाणारे झोत असतात आणि त्यांतून लहानमोठे भोवरे तयार होतात. फार लहान भोवरे अजस्र विमानाला जाणवतही नाहीत. फार मोठ्या भोवऱ्यात विमान इतके सावकाश वरखाली होते की प्रवाशाला पत्ता लागत नाही. साधारण शंभर मीटरपासून एक किलोमीटरपर्यंतच्या भोवऱ्यांतून जाताना मात्र पंखांना उचलून धरणारा जोर क्षणाक्षणाला बदलतो आणि विमान हादरू लागते. हाच टर्ब्युलन्स. ‘विमान एअर पॉकेटमध्ये पडले’ असे प्रवासी सांगतात; पण आकाशात हवा नसलेली पोकळी कुठेच नसते. विमान सापडलेले असते ते खाली जाणाऱ्या झोतात.

हवा अशी खवळण्याची कारणे वेगवेगळी आहेत. सगळ्यात परिचयाचे कारण म्हणजे ऊन. एप्रिल-मेच्या दुपारी विदर्भ-मराठवाड्याची जमीन तापते, तापलेली हवा फुगून वर चढते, आणि नागपूरला उतरणारे विमान शेवटच्या काही मिनिटांत गचके खाते. पहाटेच्या उड्डाणात हा त्रास जवळजवळ नसतो. हे गचके गैरसोयीचे, पण निरुपद्रवी. गडगडाटी ढगाची गोष्ट वेगळी. उष्ण प्रदेशात त्याचा माथा पंधरा किलोमीटरच्याही वर जातो, म्हणजे प्रवासी विमान जितके उंच जाऊ शकते त्याहून वर. त्याच्या पोटात वर जाणारे आणि खाली येणारे प्रचंड झोत शेजारी शेजारी असतात. त्यामुळे वैमानिक अशा ढगाला वळसा घालतात, तोही तीसेक किलोमीटर किंवा अधिक अंतर राखून.

वळसा दरवेळी साधतोच असे नाही. १ मे २०२२ रोजी मुंबईहून पश्चिम बंगालमधल्या दुर्गापूरला निघालेले स्पाइसजेटचे बोइंग ७३७ उतरताना वादळी हवेत सापडले. अनेक प्रवासी जखमी झाले आणि त्यांपैकी एकाचा काही महिन्यांच्या उपचारांनंतर मृत्यू झाला. चैत्र-वैशाखातली बंगालची कालवैशाखी वादळे अशीच अचानक उसळतात. २१ मे २०२५ रोजी दिल्ली–श्रीनगर मार्गावरचे इंडिगोचे विमान पठाणकोटजवळ गारपिटीत शिरले. नाकाचे टोक फुटले, प्रवाशांनी जीव मुठीत धरला, आणि विमान श्रीनगरला सुखरूप उतरले.

डोंगरही हवा खवळवतात. जोराचा वारा पर्वतरांगेवर आदळून पलीकडे उतरतो तेव्हा नदीतल्या खडकामागे पाणी उसळते तशा लाटा पर्वताच्या मागच्या अंगाला उठतात आणि कधी कधी शेकडो किलोमीटर पसरतात. मोठ्या विमानाच्या मागे त्याच्या पंखांच्या टोकांपासून निघणारे भोवरेही बराच वेळ टिकतात. धावपट्टीवर दोन विमानांमध्ये ठरावीक अंतर ठेवण्याचे हे एक मोठे कारण आहे.

सर्वांत फसवा प्रकार निरभ्र आकाशातला. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याचे पट्टे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात असा एक पट्टा उत्तर भारतावर येऊन ठेपतो. पट्ट्याच्या मध्यभागी वारा ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास किंवा त्याहून जोरात वाहतो, पण थोडेसे वर-खाली गेले की त्याचा वेग झपाट्याने घटतो. वेगांच्या या फरकामुळे हवेचे थर एकमेकांवर घसरतात आणि भोवरे सुटतात. विमानाच्या नाकातले रडार पाण्याचे थेंब ओळखते. कोरड्या हवेतला भोवरा त्याला दिसत नाही. खिडकीबाहेर स्वच्छ निळे आकाश असताना बसलेला दणका म्हणूनच अधिक धडकी भरवतो.

हादऱ्यांच्या सौम्य, मध्यम, तीव्र आणि अतितीव्र अशा चार पायऱ्या वैमानिक मानतात. नेहमीच्या प्रवासात भेटतात त्या पहिल्या दोन. बसल्या जागी कपातला चहा सांडला की प्रवाशाला ते भयंकर वाटते, पण वैमानिकाच्या वहीत त्याची नोंद बहुधा ‘सौम्य’ किंवा फार तर ‘मध्यम’ अशीच होते. तीव्र हादऱ्यांत विमानाची उंची आणि वेग एकदम बदलतात, विमान क्षणभर ताब्याबाहेर जाऊ शकते आणि माणसे सीटबेल्टच्या पट्ट्यावर जोरात आवळली जातात. अनेक वैमानिकांना साऱ्या नोकरीत असा प्रसंग एखाद-दुसऱ्या वेळीच येतो.

तीव्र हादऱ्यांत नेमके काय घडते, हे सिंगापूर एअरलाइन्सच्या एसक्यू ३२१ या उड्डाणाच्या प्राथमिक तपास अहवालात सेकंदागणिक वाचायला मिळते. २१ मे २०२४ रोजी लंडनहून सिंगापूरला निघालेले हे बोइंग ७७७ विमान २११ प्रवासी आणि १८ कर्मचारी घेऊन म्यानमारच्या दक्षिण भागावर ३७,००० फुटांवर होते. खाली गडगडाटी ढग तयार होत असावेत अशा भागावरून ते चालले होते. आधी वर जाणाऱ्या झोताने विमान उचलले गेले. ऑटोपायलटने नाक खाली करून उंची पूर्ववत करण्याचा प्रयत्न केला, वेग वाढला, वैमानिकांनी वेग आवरणारे स्पीड ब्रेक उघडले. सीटबेल्टची सूचना लागल्याचे वैमानिक बोलल्याची नोंद आहे. त्यानंतर अवघ्या आठ सेकंदांनी मुख्य दणका बसला. विमानावरचा भार ०.६ सेकंदात अधिक १.३५ जीवरून उणे १.५ जीवर गेला आणि पुढच्या चार सेकंदांत पुन्हा अधिक १.५ जीवर आला.

जी म्हणजे पृथ्वीच्या ओढीचे माप. जमिनीवर उभ्या माणसाला एक जी जाणवतो. शून्य जी म्हणजे मुक्तपणे पडणे. उणे दीड जीचा अर्थ असा, की विमान मोकळ्या पडणाऱ्या वस्तूपेक्षाही अधिक झपाट्याने खाली खेचले जात होते. पट्टा न बांधलेली माणसे मात्र वस्तू पडतात तेवढ्याच गतीने पडू शकत होती. म्हणजे खरे पाहता माणसे छतावर उडाली नाहीत, छतच त्यांच्या डोक्यावर येऊन आदळले. पुढच्या क्षणी विमान सावरले आणि तीच माणसे आसनांवर, आसनांच्या हातांवर, जमिनीवर आपटली. वीसहून अधिक जणांच्या मणक्याला इजा झाली, काहींच्या कवटीला. ७३ वर्षांच्या एका ब्रिटिश प्रवाशाचा मृत्यू झाला. तो हृदयविकाराने झाला असावा असे सांगण्यात आले.

त्या दिवशी जगभर बातमी गेली ती विमान सहा हजार फूट कोसळल्याची. अहवालाने दिलेला आकडा १७८ फुटांचा आहे, म्हणजे सुमारे ५४ मीटर, तोही ४.६ सेकंदांत. सहा हजार फूट उतरणे नंतरचे, वैमानिकांनी ठरवून आणि ताब्यात ठेवून केलेले होते. दणक्यानंतर २१ सेकंद वैमानिकांनी विमान हाताने चालवले, मग ते बँकॉककडे वळवले आणि उतरवले. एवढ्या उलथापालथीनंतरही विमान आपल्या पंखांवर उडत राहिले, हे त्या बातम्यांत कुठे तरी हरवून गेले.

विमान मोडून पडेल ही प्रवाशाच्या मनातली पहिली शंका असते, आणि तिचे उत्तर कारखान्यातल्या चाचण्यांत मिळते. प्रवासी विमानाचा सांगाडा किमान अडीच जीचा भार कोणताही कायमचा बाक न येता सोसेल असा बांधावा लागतो; त्याच्या दीडपट भारालाही तो तुटता कामा नये. जानेवारी १९९५ मध्ये बोइंगने ७७७ चे पंख मुद्दाम वाकवत नेले. टोके सुमारे २४ फूट वर उचलली गेली आणि कमाल अपेक्षित भाराच्या १५४ टक्क्यांवर दोन्ही पंख तुटले. खिडकीतून पंखाचे टोक हलताना पाहून पोटात गोळा येतो, पण ते हलण्यासाठीच केलेले असते. ताठ पंख अधिक लवकर तुटेल.

इतिहासात अपवाद नाही असे नाही. ५ मार्च १९६६ रोजी टोकियोहून हाँगकाँगला निघालेले बीओएसी कंपनीचे बोइंग ७०७ फुजी पर्वताजवळच्या लाटांत सापडून हवेतच तुटले आणि १२४ जण मृत्युमुखी पडले. तेव्हापासून डोंगरी लाटांचे ज्ञान, हवामानाचे अंदाज आणि विमानांची बांधणी या तिन्हींत पुष्कळ फरक पडला आहे. आजच्या मोठ्या जेट विमानाच्या बाबतीत हादऱ्यांचा धोका मुख्यतः विमानाला नसून विमानातल्या मोकळ्या माणसाला आहे. अमेरिकेत २००९ ते २०२२ या काळात हादऱ्यांमुळे गंभीर जखमी झालेल्यांची संख्या १६३ होती. त्यांत कर्मचाऱ्यांचा वाटा मोठा, कारण त्यांना उभे राहून काम करावे लागते. मांडीवरचे तान्हे मूलही असेच मोकळे असते; कितीही घट्ट धरले तरी दणक्यात त्याचे वजन हातांना पेलत नाही. एसक्यू ३२१ नंतर सिंगापूर एअरलाइन्सने पट्ट्याची सूचना लागली असताना गरम पेये आणि जेवण देणे थांबवले. कोरियन एअरने ऑगस्ट २०२४ पासून इकॉनॉमी वर्गातले कपातले इन्स्टंट नूडल्सच बंद केले; उकळते पाणी हे हादऱ्यातले नेहमीचे संकट आहे.

कॉकपिटमध्ये अशा वेळी जी कामे होतात ती बरीच नीरस असतात. ठरलेल्या मर्यादेपर्यंत वेग उतरवला जातो, विमानाचा तोल आडवा राखला जातो, आणि थोडीफार उंची कमीजास्त झाली तर तिच्यामागे धावायचे नाही असे शिकवलेले असते. पुढच्या विमानांचे वैमानिक हादऱ्यांची खबर रेडिओवर देतात. विमानांनी आपोआप मोजलेले हादरे एकमेकांना कळवण्याची व्यवस्थाही अलीकडे उभी राहिली आहे.

अशा व्यवस्थेची गरज वाढते आहे. इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार उत्तर अटलांटिकवरच्या एखाद्या ठरावीक ठिकाणी निरभ्र आकाशातले तीव्र हादरे १९७९ मध्ये वर्षाकाठी १७.७ तास होते, ते २०२० मध्ये २७.४ तास झाले. वाढ ५५ टक्क्यांची. तापमानवाढीमुळे जेट स्ट्रीमच्या आसपास वाऱ्याच्या वेगातला फरक वाढतो, हे तिचे कारण. मुंबईहून लंडनमार्गे न्यूयॉर्कला जाणाऱ्यांचा रस्ता याच आकाशातून जातो. तरीही वर्षाच्या ८,७६० तासांत २७ तास हे प्रमाण किती, हे ज्याचे त्याने पाहावे.

आकडे माहीत असूनही भीती जात नाही, कारण ती आकड्यांतून आलेलीच नसते. कानाच्या आतले तोल सांभाळणारे इंद्रिय वेग ओळखत नाही, वेगातला बदल ओळखते. खिडकीबाहेर क्षितिज नसेल तर वीस फुटांची घसरण शेकडो फुटांची वाटते. उड्डाणानंतर एक-दोन मिनिटांत इंजिनाचा जोर कमी केला जातो आणि पंखांचे फ्लॅप आत घेतले जातात. चढण मंदावते, शरीराला मात्र विमान खाली चालल्यासारखे वाटते. अनेकांची छाती धडधडायला लागते ती याच क्षणी, जेव्हा सर्व काही ठरल्याप्रमाणे चाललेले असते. मग श्वास उथळ आणि भरभर होतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, बोटांना मुंग्या येतात, डोके हलके होते, आणि हीच लक्षणे संकटाचा पुरावा वाटू लागतात.

सगळ्यांची भीती एकाच गोष्टीची नसते. कुणाला उंचीची असते, कुणाला बंद दाराची, कुणाला सूत्रे दुसऱ्याच्या हाती असण्याची, तर कुणाला चारचौघांत आपलाच ताबा सुटेल याची. मोटार स्वतः चालवणारा माणूस रस्त्यावर निर्धास्त असतो. भारतात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जण मेले, हे त्याच्या मनाला शिवत नाही. जे चटकन आठवते ते वारंवार घडते असे माणूस धरून चालतो, हे ट्वेर्स्की आणि काहनमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्येच मांडले. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादला एअर इंडियाचे विमान कोसळून जमिनीवरच्यांसह २६० जण गेले. त्याचा हवेतल्या हादऱ्यांशी संबंध नव्हता, तरी त्यानंतर साधा गचका बसला की कित्येकांच्या डोळ्यांपुढे तीच दृश्ये उभी राहतात. अशा भीतीची किंमतही मोजावी लागते. ११ सप्टेंबर २००१ च्या विमानहल्ल्यांनंतर अमेरिकेत अनेकांनी विमान टाळून मोटारी काढल्या. पुढच्या वर्षभरात त्यामुळे सुमारे दीड हजार जादा माणसे रस्त्यांवर मेली, असा अंदाज जर्मन मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगेरेन्झर यांनी काढला.

भीती सहा महिन्यांहून अधिक टिकली, प्रवास टाळण्याकडे किंवा नोकरी-नातेसंबंधांवर परिणाम होण्याकडे वळली, तर मानसोपचाराच्या भाषेत तो फोबिया ठरतो. त्यावरचा सर्वाधिक पारखलेला उपाय म्हणजे भीतीला थोडे थोडे करून सामोरे जाणे: आधी विमानाची चित्रे आणि आवाज, मग विमानतळावर नुसती चक्कर, मग आभासी वास्तवाचा चष्मा लावून उड्डाण, शेवटी मुंबई–गोव्यासारखा तासाभराचा खरा प्रवास. सोबत ‘आता पंख तुटणार’ यासारखे विचार तपासून पाहायला शिकवले जाते आणि श्वास सावकाश, लांब सोडण्याचा सराव होतो. ब्रिटिश एअरवेजसारख्या काही कंपन्या घाबरणाऱ्यांसाठी वैमानिकांची व्याख्याने आणि प्रत्यक्ष उड्डाण असे वर्गही चालवतात. पंखांजवळची जागा निवडली तर हादरे शेपटीपेक्षा कमी जाणवतात. मद्याने मात्र काम बिघडते. डॉक्टरांनी दिलेली शामक गोळी एखादा प्रवास निभावून नेऊ शकते. पण गुंगीत पार पडलेल्या प्रवासातून मेंदू काहीच शिकत नाही, आणि पुढच्या तिकिटाच्या वेळी भीती जिथल्या तिथे असते.