वागळे इस्टेटमधले जुने पीसी आणि रुसलेला ग्रब

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा मोफत सपोर्ट संपला. वागळे इस्टेटच्या गाळ्यांमध्ये बिलं काढणारे बरेचसे पीसी विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. त्यांना भंगारात काढण्याआधी लिनक्स टाकून बघा.

इन्स्टॉल नीट होतं, पण रीस्टार्ट केल्यावर काळा पडदा! बहुतेक वेळा गडबड बूट मोडची असते. एकाच पेनड्राइव्हचं नाव बूट मेनूत दोनदा दिसतं: एक साधं, एक यूईएफआय लिहिलेलं. आधीचं विंडोज ज्या मोडमध्ये होतं, तोच निवडायचा.

मशीन जुन्या बायोसचं आणि डिस्क जीपीटी असेल, तर ग्रबला, म्हणजे लिनक्स सुरू करणाऱ्या बूटलोडरला, स्वतःची १ एमबीची जागा लागते. जीपार्टेडमध्ये छोटं पार्टिशन करा, फॉरमॅट करू नका, 'बायोस ग्रब' हा फ्लॅग लावा. यूईएफआय असेल तर फॅट३२ चं ईएफआय पार्टिशन हवं. विंडोज ठेवायचं असेल तर तिथे असलेलंच वापरा, फॉरमॅट मात्र अजिबात नको.

एमबीआर डिस्कवर प्रायमरी पार्टिशनं फक्त ४. काही कंपन्यांनी रिकव्हरी वगैरे घालून चारही आधीच खाल्लेली असतात (हा आगाऊपणा मला कधीच पटला नाही). मग रिकामी जागा असूनही इन्स्टॉलर ती वापरू देत नाही. बॅकअप घ्या, एक उडवा, तिथे एक्स्टेंडेड करा. ग्रब एसडीए१ या पार्टिशनवर नाही, एसडीए या अख्ख्या डिस्कवर टाकायचा.

आणि घड्याळ दरवेळी मागे जात असेल, तर आधी बोर्डावरची सीआर२०३२ बॅटरी बदला. ती मेली की बायोसची सेटिंगंही पुसली जातात.