धम्ममेळाव्याचे नियोजन : एक संघकार्य

नांदेड जिल्ह्यात दाभड येथील बावरीनगरच्या महाविहारात दरवर्षी पौष पौर्णिमेस धम्म परिषद भरते. गावोगावचे उपासक-उपासिका शुभ्र वस्त्रे परिधान करून तेथे येतात. मंचावरील धम्मदेसना सर्वांच्या कानी पडते. परंतु अशा मेळाव्यामागचे श्रम फारसे कोणाच्या लक्षात येत नाहीत. आपल्या गावी वा वस्तीत लहानमोठा मेळावा भरवू इच्छिणाऱ्यांसाठी त्याविषयी काही विचार येथे मांडीत आहोत.

नियोजन धम्माला परके नाही. वज्जींच्या उत्कर्षाची कारणे सांगताना भगवान बुद्धांनी वारंवार एकत्र जमणे, एकदिलाने बसणे, एकदिलाने उठणे आणि एकदिलाने कार्य पार पाडणे यांना अग्रस्थान दिले. राजगृहाच्या पहिल्या संगीतीसाठी जमलेल्या स्थविरांनी वर्षावासाचा पहिला महिना मोडकळीस आलेल्या निवासांच्या डागडुजीस दिला व त्यानंतर संगायन केले, असे चुल्लवग्गात नमूद आहे. आधी निवारा, मग सभा, हा क्रम तेव्हापासूनचा आहे.

आपल्या चळवळीने हे कार्य प्रतिकूल परिस्थितीत केले. मार्च १९२७ मधील महाडच्या परिषदेसाठी स्वागत समितीला चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. डिसेंबरच्या परिषदेला जागा मिळाली ती एका मुस्लिम गृहस्थाकडून; गावच्या व्यापाऱ्यांनी व्यवहार नाकारल्यामुळे धान्य बाहेरून आणावे लागले. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लक्षावधी लोकांनी धम्मदीक्षा घेतली, त्या सोहळ्याच्या व्यवस्थेत वामनराव गोडबोले व त्यांच्या सहकाऱ्यांचे अपार कष्ट होते.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. तिथी ठरताच भोजन, पाणी, मांडव, निवास, आरोग्य, स्वच्छता व हिशेब अशा समित्या नेमाव्यात आणि प्रत्येकीचा एक उत्तरदायी प्रमुख असावा. पाण्याचा विचार सर्वप्रथम व्हावा. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातूरकरांना याचे कारण सांगावे लागणार नाही. टँकर वेळेवर न आल्यास काय, याचे उत्तर आदल्या दिवशीच तयार असावे.

भिक्खुसंघ मध्यान्हानंतर भोजन घेत नाही. म्हणून भोजनदानाची वेळ आधी निश्चित करून सकाळचे ध्वजारोहण, वंदना व स्वागताचे कार्यक्रम त्यानुसार आखावेत. सत्कार व हारतुरे लांबले की भोजनाची वेळ टळते आणि उपाशीपोटी बसलेल्या श्रोत्यांचे मनही देसनेत राहत नाही. पौषातील रात्री कडाक्याच्या असतात. मुक्कामी येणाऱ्यांसाठी सतरंज्या व पांघरुणे हवीत. महिलांचा निवास स्वतंत्र असावा आणि तेथून स्वच्छतागृहापर्यंतच्या वाटेवर रात्रभर दिवा असावा. परतणाऱ्यांसाठी शेवटच्या एस. टी.ची वेळ ध्वनिक्षेपकावरून आधीच सांगावी.

दानाची प्रत्येक रक्कम, मग ती दहा रुपयांची का असेना, पावतीने घ्यावी. पुढील पौर्णिमेस विहारात जमाखर्च वाचून दाखवावा. मोलमजुरी करणाऱ्या मातेने पदराच्या गाठीतून सोडून दिलेला पैसा कोठे खर्च झाला, हे तिला न विचारता कळले पाहिजे. पुढल्या वर्षीचे दान याच विश्वासावर येते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट कामाच्या वाटपाची. पिढ्यान्‌पिढ्या आपल्या समाजाच्या वाट्याला जन्माने ठरलेली कामे आली. आपल्याच मांडवात काहींनी सदैव मंचावर बसावे आणि काहींनी सदैव पत्रावळी उचलाव्यात, असे झाले तर ती जुनीच व्यवस्था नव्या रूपाने परत येईल. म्हणून झाडू, वाढपी व पहारा यांच्या पाळ्या लावाव्यात. त्यांत प्राध्यापक, अधिकारी, शेतमजूर, विद्यार्थी, स्त्रिया आणि पुरुष सर्वांची नावे असावीत. स्वयंपाकघरात राबणाऱ्या उपासिकांनाही देसना ऐकता यावी, यासाठी तेथे पुरुषांची पाळी अवश्य लावावी.

निवासी विद्यालयातील मुले हे सारे पाहत असतात. समतेचा पाठ त्यांना पुस्तकातून मिळतोच. परंतु मेळावा संपल्यावर अध्यक्षांच्या हातात केरसुणी दिसली, तर तो त्यांच्या मनात कायमचा ठसतो.