संत्र्याच्या सालीचा चहा : काय खरे, किती खरे

थंडी पडली की सावंगीच्या रस्त्याला संत्र्याच्या हातगाड्या लागतात. कारंजा, आष्टी, आर्वीकडच्या बागांतला आंबिया बहार याच दिवसांत उतरतो. संत्रे खाऊन आपण साल फेकतो, फार तर मुली ती वाळवून चेहऱ्याला लावतात. यंदा मात्र वस्तीत ज्या घरी गेलो तिथे एकच प्रश्न : "सिस्टर, संत्र्याच्या सालीचा चहा पेल्यानं सर्दी-ताप होत नाही म्हणते, खरं आहे काय?" मोबाईलवर कोणीतरी पाठवलेले असते, चिनी लोकांचे जुने औषध म्हणून.

ती माहिती अगदीच खोटी नाही. चीनच्या ग्वांगदोंग प्रांतात शिनहुई नावाचा भाग आहे. तिथे संत्र्याच्या साली वाळवून निदान ३ वर्षे मुरवतात. त्या सालीला 'चेनपी' म्हणतात, म्हणजे जुनी साल. जितकी जुनी तितकी महाग. पोट फुगणे, अपचन, कफाचा खोकला यांवर तिकडचे पारंपरिक वैद्य ती देतात. आपले नागपुरी संत्रेही त्याच कुळातले. सालीत सुगंधी तेल असते, हेस्पेरिडिन नावाचा घटक असतो. प्रयोगशाळेत त्याचे काही चांगले गुण दिसले आहेत. पण हा चहा पिणाऱ्याला सर्दी-तापच होत नाही, असे माणसांवर सिद्ध झालेले नाही. जुने आहे म्हणून खरे, असे आपण इतर गोष्टींत मानत नाही, मग औषधात तरी का मानावे?

मग प्यावा की नाही? खुशाल प्यावा. कारण साधे आहे. हिवाळ्यात तहान लागत नाही म्हणून माणसे पाणीच पीत नाहीत. गरम, वासाचे पाणी असले की दोन कप सहज पोटात जातात, घसा शेकतो, कफ सैल होतो. आपल्या घरांत याला फार महत्त्व आहे. विदर्भात आदिवासींप्रमाणेच आपल्या बौद्ध समाजातही सिकलसेल मोठ्या प्रमाणात आहे. अंगातले पाणी कमी झाले, थंडी लागली, की या रुग्णांच्या रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हातपाय, कंबर, छाती असह्य दुखू लागते. अशा मुलाला हिवाळ्यात दिवसभर थोडे थोडे कोमट पाणी पाजत राहणे हे आईचे मोठे काम. सालीच्या चवीने तो पीत असेल तर उत्तमच.

पण इथेच घोटाळाही होतो. मागच्या हिवाळ्यात एका घरी सिकलसेलच्या मुलाला ३ दिवस ताप होता आणि आई साल-सुंठीचा काढा पाजत होती. आम्ही रिक्षा करून त्याला दवाखान्यात नेले, तेव्हा छातीत संसर्ग पसरलेला होता. मुलगा वाचला. आईची चूक म्हणवत नाही, एक दिवस दवाखान्यात म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते. तरीही सांगतो : सिकलसेलच्या रुग्णाला ताप १०१ च्या वर गेला, श्वास लागला किंवा छातीत दुखले, तर काढा बाजूला ठेवा आणि त्याच वेळी निघा, रात्र असली तरी. खोकला २ आठवड्यांहून जास्त टिकला, तर कोणाच्याही बाबतीत थुंकीची तपासणी करा. ती सरकारी दवाखान्यात मोफत होते.

आता कृती. साल घ्यायची ती बिनचकाकीच्या फळाची. दूर पाठवायच्या संत्र्यांवर मेणाचा थर चढवतात, ती फार चकचकीत दिसतात. फवारणीचे औषधही सालीलाच जास्त चिकटते, म्हणून बागेत ओळख असेल तर तिथलीच फळे आणा. आख्खे फळ खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात १५ मिनिटे ठेवून चोळून धुवा. सगळे निघत नाही, बरेच निघते. आतला पांढरा भाग थोडा खरवडला तर कडूपणा कमी होतो. साल सावलीत कडकडीत वाळवून कोरड्या बरणीत भरा. बुरशी दिसली की बरणीभर फेकून द्या. मूठभर सालीचा मोह नको. एका कपाला चमचाभर तुकडे, ५ मिनिटे उकळून झाकून ठेवा. आले चालेल. दिवसातून दोन कप पुरे, आम्लपित्त असेल तर रिकाम्या पोटी नको. मधुमेह असेल तर गूळ टाकू नका. रक्तदाबाच्या, हृदयाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारून घ्या. ६ महिन्यांपर्यंतच्या बाळाला आईच्या दुधाशिवाय काहीच नाही, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध बोटावरही चाटवू नका.

उकळल्यावर क जीवनसत्त्व बरेचसे जाते, तेव्हा चहा पिऊन फळ वगळू नका. जेवणासोबत संत्र्याच्या चार फोडी खाल्ल्या तर भाजी-वरणातले लोह जास्त अंगी लागते. उलट जेवल्याबरोबर पत्तीचा चहा घेतला की तो लोह अडवतो, आणि आपल्या बायकांना ही सवय फार. त्या वेळी पत्तीऐवजी सालीचा चहा घ्या.

ज्यांची सिकलसेल तपासणी अजून झालेली नाही, त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात करून घ्यावी. २०२३ साली सुरू झालेली राष्ट्रीय मोहीम मुख्यतः आदिवासी भागांसाठी आखलेली आहे, त्यामुळे आपल्या वस्तीत पथक येईल म्हणून वाट पाहत बसू नका. लग्न जुळवताना पत्रिका कोणी बघत नाही हे बरेच आहे. मुलामुलीचा तपासणीचा कागद मात्र दोन्हीकडून मागा.