गोधडी, मैत्रिणी आणि हरवलेली सुई

थंडी पडू लागली की कपाटाच्या तळाशी गेलेल्या गोधड्या बाहेर निघतात. आता बाजारात ब्लँकेटे सहज मिळतात, त्यामुळे घरी गोधडी शिवण्याचे काम मागे पडले आहे. एरवी गोधड्या शिवायच्या त्या उन्हाळ्यात, सुगी आटोपल्यावर. पण आम्हा पाच मैत्रिणींना एकत्र सवड मिळाली ती पौषात, कारण या महिन्यात लग्नकार्ये नसतात. मंगळवेढ्याकडे एका मैत्रिणीचा मळा आहे. काळ्या रानात ज्वारी हुरड्यात आली होती. प्रत्येकीने घरातील जुनी सुती लुगडी, धोतरे धुऊन आणायची आणि चार दिवस मिळून गोधड्या शिवायच्या, असा बेत ठरला.

साठीच्या आसपासच्या पाच बायका सतरंजीवर बसून शिवू लागल्या की दवाखान्यात जे कळत नाही ते कळते. या लेखाच्या निमित्ताने तेच वाचकांपुढे ठेवीत आहे.

आधी तक्रार डोळ्यांची

पहिल्याच सकाळी सुईत दोरा ओवताना दोघींची पंचाईत झाली. चाळिशीनंतर डोळ्यातील भिंगाची लवचीकता कमी होते आणि जवळचे अंधुक दिसू लागते. हा आजार नव्हे. जवळचा चष्मा लावला की काम भागते. एक मैत्रीण मात्र चष्मा असूनही चाचपडत होती. उजेडाकडे पाहिले की तिला डोळे दिपल्यासारखे होत. ही मोतीबिंदूची लक्षणे असू शकतात, म्हणून तिला तपासणीस पाठवले. मोतीबिंदू 'पिकेपर्यंत' थांबावे, हा समज आता जुना झाला आहे.

शिवताना उजेड डाव्या बाजूने यावा, म्हणजे उजव्या हाताची सावली टाक्यावर पडत नाही. दर वीस मिनिटांनी मान वर करून दूरच्या झाडाकडे पाहावे. डोळ्यांना आराम मिळतो.

मांडी, मान आणि बोटे

तासन्‌तास मांडी घालून बसल्यास पायाला मुंग्या येतात. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने जाणारी नस दाबली जाते, आणि फारच वेळ दाबली गेली तर पाऊल उचलणेही कठीण होते. अर्ध्या तासाने उठून चार पावले चालावे. गुडघे दुखत असतील त्यांनी पाटावर किंवा खुर्चीवर बसावे. त्यात कमीपणा नाही. जाड थरांतून सुई ढकलताना बोटात अंगुस्तान हवेच. रात्री अंगठा आणि त्याजवळच्या दोन बोटांना मुंग्या येऊन झोपमोड होत असेल तर मनगटातील नस दाबली जात असण्याचा संभव असतो. अशा वेळी काही दिवस शिवण बंद ठेवून डॉक्टरांना दाखवावे.

सात सुया, सहा सुया

आता मुख्य गोष्ट. मैत्रिणीच्या सासूबाई, आमच्या सगळ्यांच्या आत्याबाई, ऐंशीच्या पुढच्या. त्यांचा नियम एकच : "दिवा लागायच्या आत सुया मोजायच्या. माणसं मागनं मोजली तरी चालत्यात."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी डबीतील सुया मोजल्या. सकाळी सात काढल्या होत्या, भरल्या सहाच. सतरंजी झटकली, चिंध्या चाळल्या, बॅटरी घेऊन कोपरे पाहिले. सुई मिळेना. शेवटी त्या म्हणाल्या, "पाय दाखवा गं एकेकीचं." आम्ही हसलो.

आमच्यातील एकीला १२ वर्षांपासून मधुमेह आहे. तिच्या उजव्या टाचेवर वाळलेल्या रक्ताचा मोहरीएवढा ठिपका होता. हलकेच बोट लावले तर आत टणक लागले. ती म्हणाली, "अगं, मला काहीच कळलं नाही!" सुई मोडून टाचेत शिरली होती आणि दुपारभर ती त्याच पायाने घरभर वावरली होती. मी डॉक्टर असून दोन दिवस तिच्याशेजारी बसले होते, पण तिचे पाय पाहावेत असे मला सुचले नव्हते.

तुकडा घरी काढण्याच्या भानगडीत आम्ही पडलो नाही. जखम स्वच्छ कापडाने झाकली, पाय टेकू दिला नाही आणि त्याच रात्री तिला रुग्णालयात नेले. एक्स-रे काढून तुकडा बाहेर काढला, धनुर्वाताची लस आणि औषधे दिली. तीन आठवड्यांत जखम भरली. नेढ्याकडचा दुसरा तुकडा सतरंजीच्या काठात सापडला.

वेदना हा शरीराचा पहारेकरी आहे. रक्तातील साखर अनेक वर्षे वाढलेली राहिली की पायांच्या नसा बधिर होतात आणि हा पहारेकरी झोपी जातो. त्यातच पायाचा रक्तपुरवठा कमी झालेला असला तर जखम चिघळते. पाय कापावा लागण्याची वेळ येते तेव्हा सुरुवात अनेकदा अशाच न दुखलेल्या, क्षुल्लक जखमेने झालेली असते.

मधुमेहींनी एवढे करावे

१) रोज रात्री निजण्यापूर्वी दोन्ही तळपाय व बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवावा किंवा घरातील माणसाला पाहायला सांगावे.

२) घरातही अनवाणी चालू नये. चप्पल घालण्यापूर्वी आत हात फिरवून पाहावा.

३) थंडीत शेकोटीजवळ पाय शेकू नयेत, गरम पाण्याची पिशवी पायाशी घेऊ नये. पाय भाजल्याचे कळतच नाही. पाय उबदार ठेवण्यास सुती मोजे पुरेत.

४) वर्षातून एकदा डॉक्टरांकडून पायांची संवेदना तपासून घ्यावी.

५) सुई टोचल्यास, मग ती गंजलेली असो वा चकचकीत, लसीबाबत विचारावे. धनुर्वात गंजाने होत नाही. त्याचे जंतू माती, धूळ आणि शेणात असतात. सरकारी लसीकरणात २०१९ पासून 'टीटी'ऐवजी 'टीडी' लस दिली जाते. ती धनुर्वाताबरोबर घटसर्पापासूनही संरक्षण देते.

मनाची ऊब

हे वाचून कुणी सुई टाकून देऊ नये. आमच्यातील एक मैत्रीण पतीच्या निधनानंतर वर्षभर घराबाहेर पडली नव्हती. तिने त्यांचे धोतर आणले होते, पण दोन दिवस त्याची घडी मोडली नाही. तिसऱ्या दिवशी कात्री मागितली, स्वतः ते फाडले आणि शिवता शिवता त्यांच्याविषयी बोलू लागली. त्या रात्री ती सलग झोपली.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ मधील अहवालानुसार जगात दर सहा माणसांमागे एकाला एकाकीपणा ग्रासतो, आणि त्याचा परिणाम मनाइतकाच शरीरावरही होतो. हात कामात आणि नजर टाक्यावर असली की मनातले बोलणे सोपे जाते. मात्र गोधडी हे औषध नव्हे. उदासी, झोप न येणे, कशातच गोडी न वाटणे हे दोन आठवड्यांहून अधिक टिकले तर डॉक्टरांना भेटावे. 'टेली-मानस' या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

धोतराची ती गोधडी चार दिवसांत पुरी झाली नाही. पुढच्या पौषात पुन्हा बसायचे ठरले आहे. तोवर टाच बरी झालेली आमची मैत्रीण रोज रात्री पाय पाहते आणि मला फोनवर एकच वाक्य सांगते : "सुया पुऱ्या आहेत."